हवेचा ब्रेक आणि त्याची ढिलाई

सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणारी प्रवाशांनी भरलेली बस पाहताना तिच्या चाकांत केवढी उलाढाल चालली आहे, याची कल्पना सहसा येत नाही. पंधरा टन वजनाची बस पाचशे मीटर खाली उतरली, म्हणजे तिच्या ठायी साठलेली जी शक्ती मोकळी होते, ती सुमारे अडीचशे लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. यातील काही भाग खालच्या गिअरमध्ये चालणारे इंजिन पोटात घेते, काही वाऱ्याशी झगडण्यात खर्च होतो, आणि उरलेला सारा भाग ब्रेकच्या लोखंडी ड्रममध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो. पन्नास माणसांचे सुखरूप घरी पोहोचणे या उष्णतेच्या नीट विल्हेवाटीवर अवलंबून असते.

दाबलेल्या हवेने गाडी थांबविण्याची कल्पना मूळची रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ साली तिचे पेटंट घेतले. पुढे ती रस्त्यावरील अवजड वाहनांत आली. बसमध्ये इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरून ठेवतो. चालकाने पायाखालची पट्टी दाबली, की ही हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि तेथील रबरी पडद्यास रेटते. पडद्याला जोडलेली पुशरॉड पुढे सरकते, ती एका तरफेला ढकलते, तरफ दात्यांच्या दांड्याला पीळ देते आणि त्या दांड्याच्या टोकाशी असलेला इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा कॅम ब्रेकच्या दोन्ही नालांना फाकवून ड्रमवर दाबून धरतो. नालांवरील लायनर आणि ड्रम यांच्या घर्षणाने चाक आवरले जाते.

यातील तरफ, म्हणजेच स्लॅक ॲडजस्टर, हा आजच्या विवेचनाचा विषय होय. दिसावयास तो वीतभर लांबीचा, ग्रीस आणि धूळ यांनी माखलेला लोखंडी तुकडा. पण त्याच्याकडे दोन कामे आहेत. पुशरॉडच्या सरळ रेट्याचे पिळात रूपांतर करावयाचे, हे पहिले. लायनर झिजत जाऊन ड्रमपासून त्याचे अंतर वाढले, की ती ढिलाई काढून घ्यावयाची, हे दुसरे. यासाठी त्याच्या पोटात वर्म आणि दातेरी चक्र यांची जोडी असते. बाहेरचा षट्कोनी नट फिरविला, की कॅमचा दांडा तरफेच्या मानाने किंचित पुढे सरकतो आणि नाल ड्रमच्या जवळ येतात.

ढिलाईचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. बस आणि ट्रक यांत सर्रास आढळणाऱ्या एका मापाच्या चेंबरचा पडदा ३० चौरस इंचांचा असतो. चौरस इंचास १०० पौंड दाबाची हवा त्यात सोडली, की पुशरॉडवर ३००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १३६० किलोग्रॅम वजनाएवढा रेटा येतो. या पुशरॉडची एकंदर धाव अडीच इंचांची, म्हणजे जेमतेम ६४ मिलिमीटरची असते. ब्रेक लावल्यावर ती ५१ मिलिमीटरपेक्षा अधिक बाहेर येता कामा नये, असा दंडक आहे. कारण धावेच्या अखेरच्या टप्प्यात रेटा झपाट्याने घटत जातो, आणि पडदा चेंबरच्या तळाशी टेकला की उरलेला सारा जोर चेंबरच्या भिंतीवर वाया जातो. लायनरपर्यंत काहीच पोहोचत नाही.

आता यातील खरा धोका पाहावा. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये ढिलाई वाढली, की पट्टी अधिक खोल जाते आणि चालकाच्या पायास ते तत्काळ कळते. हवेच्या ब्रेकमध्ये पाय केवळ एक झडप उघडत असतो. चाकाशी पुशरॉड किती धावली, याची वार्ता पायापर्यंत येतच नाही. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर, हलक्या दाबाने थांबणारी गाडी चालकास निर्दोष वाटते. घाटात मात्र ड्रम तापून फुगतो. सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला, तर त्याचा व्यास एक मिलिमीटरहून अधिक वाढतो. कॅम लहान आणि तरफ लांब असल्यामुळे हे किरकोळ अंतर पुशरॉडशी कित्येक पटींनी मोठे होते. डेपोतून निघताना काठावर असलेला ब्रेक उतारावर, म्हणजे ज्या क्षणी त्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच क्षणी, हात टेकतो.

पूर्वी ही ढिलाई कारागीर ठराविक मुदतीने गाडीखाली शिरून हाताने काढीत असे. एखादे चाक नजरेतून सुटले, की तेवढ्यापुरता ब्रेक दुबळा राही. म्हणूनच स्वयंचलित ॲडजस्टर पुढे आला. अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ पासून बनणाऱ्या हवेच्या ब्रेकच्या वाहनांवर तो सक्तीचा झाला. त्याच्या अनेक रचनांपैकी एकीत ॲडजस्टरला एक नियंत्रक भुजा असते आणि ती आसाच्या सांगाड्याशी पक्की बांधलेली असते. तरफ फिरते, भुजा स्थिर राहते. या दोहोंतील फरकावरून आतील यंत्रणा नाल किती सरकला ते ओळखते. लायनर ड्रमला भिडताच प्रतिकार वाढतो आणि एक क्लच सुटतो, त्यामुळे सुट्या भागांचे ताणले जाणे ढिलाईत धरले जात नाही. ब्रेक सुटताना जादा अंतराचा थोडासा अंश काढून घेतला जातो. अशा अनेक वेळांच्या अल्पशा दुरुस्तीने अंतर योग्य राहते.

एवढी सोय झाल्यावर कारागिराचे काम संपले, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः ते बदलले आहे. आता त्याने नट फिरवावयाचा नसून मोजमाप करावयाचे आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना ओट लावावी, टाक्यांत हवेचा पुरेसा दाब भरावा, इंजिन बंद करावे आणि पार्किंग ब्रेक सोडावा. मग चेंबरच्या तोंडापासून पुशरॉडच्या खिळीपर्यंतचे अंतर मोजावे. सहकाऱ्याने ब्रेक पूर्ण दाबून धरल्यावर तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोहोंतील फरक म्हणजे पुशरॉडची धाव. ती मर्यादेत असावी, आणि एकाच आसाच्या डाव्या व उजव्या चाकांत जवळपास सारखी असावी.

धाव मर्यादेबाहेर गेलेली आढळली, की पाना घेऊन नट फिरविण्याचा मोह होतो. पाच मिनिटांत माप बरोबर येते आणि गाडी सुटते. परंतु जे यंत्र स्वतः ढिलाई काढण्यासाठीच बसविले आहे, त्याने ती काढली नाही, याचा अर्थ कोठे तरी बिघाड आहे. नट फिरविल्याने बिघाड झाकला जातो आणि काही दिवसांतच ढिलाई परत येते. ११ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात ग्लेन रॉक या गावी उतारावरून येणारा एक अतिभारित ट्रक ब्रेक अपुरे पडल्याने चार मोटारींवर आदळला आणि प्राणहानी झाली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००६ साली जे निष्कर्ष काढले, त्यांत कारागिरांनी ब्रेकच्या मूळ दोषाचे निदान चुकविले, याचा स्पष्ट उल्लेख होता. स्वयंचलित ॲडजस्टर हाताने फिरवीत राहणे धोक्याचे आहे, कारण त्यातून खोटा विश्वास उत्पन्न होतो, असेही मंडळाने बजावले.

तेव्हा शोध मुळापर्यंत न्यावा लागतो. कॅमच्या दांड्याचे बुश झिजले आहेत काय? खिळी सैल झाली आहे काय? नियंत्रक भुजेचा कंस वाकला किंवा ढिला झाला आहे काय? नालांची स्प्रिंग तुटली आहे काय? हे सारे ठीक असेल, तर दोष ॲडजस्टरच्या पोटात असतो. मग तो बदलावा, आणि आसाच्या दोन्ही टोकांचे एकाच वेळी बदलावे, म्हणजे गाडी एका बाजूस ओढत नाही. ग्रीस देतानाही उत्पादकाचे पुस्तक पाहावे. काही रचनांत मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस वर्ज्य आहे, कारण त्याच्या निसरडेपणामुळे आतील क्लच घसरू लागतो. एरवी उत्तम ठरणारी वस्तू येथे घातक ठरते.

या कामाचे फळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. चांगला ब्रेक लागला, तर प्रवासी झोपेतून जागासुद्धा होत नाही. म्हणून या कामाची नोंद वहीत असणे अगत्याचे आहे. प्रत्येक चाकाची धाव तारखेसह लिहिलेली असली, की सहा महिन्यांचे आकडे पाहून कोणते चाक हळूहळू बिघडत आहे, हे कारागिरास घाट येण्यापूर्वीच समजते. त्यासाठी लागतात एक मोजपट्टी, एक खडू आणि चाकागणिक पाच मिनिटे. सायंकाळी निघावयाची गाडी पाच मिनिटे उशिरा सुटली म्हणून तक्रार करणाऱ्या प्रवाशांनी आणि ती वेळेवरच सुटावी म्हणून घाई करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा हिशेब मनाशी एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.