वृद्धाश्रमातील मधुमेह : भोजनाची वेळ आणि औषधाची मात्रा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त कोंढा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि वृद्धसेवेचा विचार करताना एका विषयाकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. अशा आश्रमांत मधुमेही असणारच.

रक्तातील साखर वाढू नये याची काळजी सर्वजण घेतात. परंतु दुर्बल वृद्धाला ती एकाएकी उतरण्याचा धोका अधिक तातडीचा असतो. मूत्रपिंडे क्षीण झाली म्हणजे ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीचा अंमल लांबतो. भूक मंदावते, ताट अर्धे राहते, औषध मात्र पूर्ण दिले जाते. मग घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. आणि त्यालाच आपण म्हातारपण समजतो. म्हणूनच तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी इतरांत ७ टक्क्यांखाली अपेक्षित असली, तरी अशक्त वृद्धांत ८ च्या आसपास पुरेशी मानतात. एकाच मापाचा सदरा सर्वांना बसत नाही.

आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे. सायंकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत तेरा तास पोट रिकामे राहते. व्रत सोडावे असे मी म्हणत नाही. व्रताची वेळ डॉक्टरांना सांगून औषध ठरवून घ्यावे. रात्री साखर द्यावी लागल्यास ती औषध समजावी आणि त्याविषयी गुरुजनांची आज्ञा आधीच घेऊन ठेवावी.

साखर ७० मिलिग्रॅमखाली गेली व रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यात द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. कोंढ्याहून भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. पहिली काही मिनिटे सेवकाच्याच हाती असतात.

आपण रोजकीर्द लिहितो, तशीच प्रत्येक वृद्धाची वही असावी : किती जेवले, औषध केव्हा घेतले, साखर किती भरली. या वहीला फारसा खर्च नाही. तिने जीव वाचू शकतो. एवढे कार्य आपल्या हातून घडावे, ही विनंती. जय जिनेंद्र!