साठीनंतरची बाराखडी



वर्धापनदिनी मी लोणच्या-पापडांवर बोलावे, अशी पुष्कळजणींची अपेक्षा होती. परंतु गेले वर्षभर मी जो उद्योग मांडला आहे, त्याचीच हकीकत सांगा, असे चिटणीसबाईंनी सुचविले. तो उद्योग म्हणजे मोबाईलवरून जपानी भाषा शिकण्याचा. वय वर्षे चौसष्ट! ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण या वर्षात मी इतक्यांदा ऐकली की, ती आता मला जपानीपेक्षा चांगली पाठ झाली आहे.

परकी लिपी आपल्या बीड जिल्ह्याला नवी नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आपले वडीलधारे शाळेत उर्दू गिरवीत, दप्तरातली मोडी वाचीत आणि घरी मराठी बोलत. त्यांच्या लेकींनी आणखी एका लिपीला का भ्यावे?

जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत. प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६. त्यांचा क्रम ऐका : अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर आपली वर्णमाला तिकडे गेली, तिच्यावरूनच हा क्रम बसला, असे विद्वान सांगतात. आपली सरस्वतीही तेथे ‘बेन्झाइतेन’ या नावाने पुजली जाते.

वाक्यरचना तर आपलीच. ‘मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘पाणी पिते’. क्रियापद शेवटी. ‘इंदो कारा’ म्हणजे ‘भारताहून’. प्रत्यय नामाच्या मागून येतो. प्रश्न विचारताना आपण म्हणतो ‘जाता का?’, ते म्हणतात ‘इकिमासु का?’ शिवाय नामाला लिंग नाही, तेव्हा तो, ती, ते यांचा घोळही नाही.

अडचणी मात्र आहेत. ऱ्हस्वदीर्घ सांभाळावे लागते. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, आणि ‘बा’ लांबविला की ‘ओबाआसान’, म्हणजे आजी! पेन्सिली मोजण्याचा शब्द वेगळा, कागद मोजण्याचा वेगळा. त्यावर चिनी वळणाची कांजी अक्षरे. नित्य वापराच्या सरकारी यादीतच ती २१३६ आहेत. तरुणाला दोनदा वाचून राहते, ते मला दहादा लिहावे लागते. म्हणून रोज पहाटे अर्धा तास, पाच अक्षरे, आणि आदल्या दिवशीची उजळणी, एवढाच माझा नेम. डोळ्यांना ताण पडतो, म्हणून अक्षरे वहीत मोठी काढते.

आता कोणी विचारील, या वयात हे कशाला? आमच्या गल्लीतील एक मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून बसली आहे. तिच्या आईबापांचे हात ऊसतोडीत झिजले. जपानने २०१९ साली परदेशी कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला. त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे काम आहे. परंतु आधी प्राथमिक जपानीची, शुश्रूषेतील जपानीची आणि त्या कामाची परीक्षा उतरावी लागते. एकटीने अभ्यास करताना तिचा धीर सुटू लागला, तेव्हा मी तिच्या शेजारी वही घेऊन बसले. ती मला मोबाईल शिकविते, मी तिला नेम शिकविते. ‘काकू, तुमची कालची अक्षरे झाली का?’ असे विचारायला येते, तेव्हा तिचीही उजळणी होते.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गाडीवाट गावी, जिल्हा परिषद शाळेतील मुले २०२० साली ऑनलाइन जपानी शिकू लागली. यंत्रमानवाच्या शास्त्राची ओढ म्हणून त्यांनीच ती भाषा निवडली. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा भरली. तेव्हा सहा वर्षांचे असो वा साठ, अक्षराला वय विचारता येत नाही.

भगिनींनो, माझी मंडळाला एकच विनंती आहे. आठवड्यातून दोन सायंकाळी मंडळाची खोली आणि तेथील इंटरनेट या मुलींना मिळावे. जपान फाउंडेशनचा ‘इरोदोरी’ हा पाठ्यक्रम विनामूल्य आहे. त्यामुळे सुरुवातीला पैसा नव्हे, जागा आणि सोबत हवी. परदेशी पाठवितो म्हणून दारी येणाऱ्या दलालाच्या हाती दागिने मोडून पैसे ठेवण्यापूर्वी, मुलीला भाषा झेपते की नाही हे घरच्या घरी कळेल. आणि मुलगी दूर गेलीच, तर तिने पाठविलेल्या पत्त्यावरची चार अक्षरे वाचणारी एखादी तरी बाई या गावात असेल.

पहिल्या पायरीची, म्हणजे एन-५ ची, परीक्षा पुण्यास होते. तिला वयाची अट नाही. मी बसणार आहे. बरोबर कोण येते, ते सभा संपल्यावर मला सांगा.