मंदक्रोध
(रौप्य महोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ख्रिस्ती धर्मातील सहनशीलता या विषयावर मी बोलावं, असं कमिटीने सुचवलं. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही? सहनशीलतेवर?" तुम्हीही हसलात. तिचं बरोबरच आहे.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात नऊ गुण दिले आहेत. सहनशीलता त्यात चौथी. या सगळ्यांना तो आत्म्याचं 'फळ' म्हणतो. फळ काही एका रात्रीत धरत नाही. आमच्या मराठी बायबलमध्ये देवासाठी एक शब्द येतो, 'मंदक्रोध'. राग येतच नाही असं नव्हे, राग यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरच्याला सवड मिळते.

बँकेत मी 36 वर्षं काढली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागायची. एखाद्या आजोबांनी तेच चौथ्यांदा विचारलं तरी मी हसून सांगायचो. लोक म्हणायचे, साहेब किती शांत! पण घरी चहाला पाच मिनिटं उशीर झाला की आवाज चढायचा. तो पगारी धीर होता, काउंटरपुरता.

सहा वर्षांपूर्वी आमच्या भिंतीला ओल आली. मी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना जिन्यात, चारचौघांसमोर, नको ते बोललो. पुढे प्लंबरने दाखवलं, गळती डक्टमधल्या सामायिक पाइपची होती. मी ओशाळलो, पण माफी काही मागितली नाही. दोन वर्षं आमचं बोलणं बंद.

मग आमच्या हिला अर्धांगवायूचा झटका आला. शब्द तोंडाशी येऊन अडकायचे. ती शब्द शोधायची आणि मी मध्येच तिचं वाक्य पुरं करायचो, तेही चुकीचं. एकदा ओरडलो, "लवकर बोल ना!" ती रडली नाही. बोलायचीच थांबली.

चार दिवसांनी दारात वरच्या वहिनी. "भाऊ, तुम्ही जरा खाली फिरून या. मी बसते ताईंजवळ." मग रोज दुपारी त्या गवार नाहीतर मेथी घेऊन येऊ लागल्या. ही शब्द शोधायची, तोवर त्या भाजी निवडत राहायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत. काही आठवड्यांनी मी फिरून आलो तर दारातच ऐकलं, "यात गूळ घाला थोडा." आमची हीच बोलत होती! मी चपला तशाच पायात ठेवून तिथे उभा राहिलो.

त्याच दिवशी वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही कधीतरी बोलाल, हे मला ठाऊक होतं." म्हणजे दोन वर्षं त्या माझी वाट पाहत होत्या! वहिनी गुरुवारचा उपास करतात, बायबल त्यांनी उघडलेलं नाही. मंदक्रोध हा शब्द मी लहानपणापासून वाचत आलो. त्याचा अर्थ त्यांच्याकडून कळला.

येत्या जनरल बॉडीत पार्किंगचा विषय आहे. आवाज चढणार, माझाही चढेल. तेव्हा एवढंच करू या, समोरच्याला वाक्य पुरं करू देऊ. माझं चुकलं तर खुशाल टोका. पहिल्या रांगेत ही बसली आहे, ती तर टोकेलच. जरा वेळ लागेल, पण थांबा.