संवेदकाचा खोटा आकडा ओळखा
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मध्यरात्री हरितगृहातील फॉगर आपोआप सुरू झाले आणि सकाळी ढोबळी मिरचीची पाने ओलीचिंब सापडली, तर दोष पंपाचा नसून आकड्याचा असू शकतो. ओल्या पानांवर रोग कसा चढतो हे आपल्याला सांगायला नको.

तापमान मोजण्यासाठी पुष्कळ संचांत डीएस१८बी२० हा तीन तारांचा संवेदक असतो. वीज येताच त्याच्या स्मरणात ८५ अंश सेल्सिअस हा आकडा भरलेला असतो. खरे तापमान बारकाईने मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो. तेवढे न थांबता नियंत्रकाने आकडा उचलला, किंवा मध्येच वीज जाऊन आली, तर ८५ हाती येतो. चार संवेदक २४ दाखवीत असतील व पाचवा ८५, तर सरासरी ३६.२ येते. फॉगर ३४ वर लावले असतील तर ते सुरू होणारच.

तार तुटली की उलटा प्रकार होतो. पुष्कळ आज्ञावल्या अशा वेळी वजा १२७ देतात. हा संवेदक वजा ५५ च्या खाली मोजतच नाही; तेव्हा हे तापमान नव्हे, 'संवेदक सापडत नाही' अशी ती खूण आहे. पण ती सरासरीत मिसळली, तर एप्रिलच्या दुपारी चार संवेदक ३८ सांगत असूनही सरासरी ५ येईल आणि रोपे तापत राहतील. माझ्या मते हा दोष पहिल्याहून घातक. काहीच घडत नाही, म्हणून कोणाचे लक्षही जात नाही.

संच बसविणाऱ्याकडून ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संवेदकाशी बोलणाऱ्या आज्ञावलीत, दुरुस्ती करून घ्या. वजा १२७ आल्यास टाकून द्यावा. त्या जागी शून्य लिहू नये, कारण शून्य हेही तापमानच आहे. ८५ मात्र लबाड: तो संवेदकाच्या मर्यादेत बसतो, त्याचा तपासणी-अंकही जुळतो. म्हणून हरितगृहापुरती २ ते ६० अशी वेगळी मर्यादा घालावी व आकडा पुन्हा घ्यावा. लागोपाठ तीनदा चुकला तर तो संवेदक सरासरीतून वगळून भोंगा वाजवावा. सगळेच बंद पडले तर फॉगर घड्याळावर चालवावेत, तेही दिवसाच.

बाहेर शेतात टेन्शिओमीटर असेल तर तिथेही हाच घोळ होतो. काटा शून्यावर म्हणजे जमीन ओली, असे आपण धरतो. परंतु जमीन फार वाळून नळीत हवा शिरली तरी काटा शून्यावरच येतो. पाणी बंद करण्यापूर्वी नळीतील पाण्याची पातळी बघा.