अननसाचे गोड तोंडीलावणे



आपल्या ताटाची उजवी बाजू भाजी-आमटीची आणि डावी तोंडीलावण्याची. डावीकडची वाढणी चमचाभरच असते. पण तिच्यावाचून सारे जेवण मुके वाटते. त्या बाजूला आपण मेथांबा वाढतो, साखरांबा वाढतो आणि आमच्या बेळगावकडे कानडी शेजारणींकडून शिकलेले अननसाचे आंबटगोड गोज्जूही वाढतो. गोड पदार्थ जेवणाच्या शेवटीच यावा, असा आपला आग्रह कधीच नव्हता. म्हणून आज मी ज्या परदेशी पदार्थाविषयी बोलणार आहे, तो आपल्याला फारसा परका वाटू नये.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ईस्टरच्या जेवणात हॅम, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, वाढण्याची रीत आहे. त्याच्या जोडीला अननस, साखर, लोणी आणि पाव एकत्र भाजून केलेला गोड पदार्थ असतो. खारटाशेजारी आंबटगोड आले की दोहोंची चव खुलते, एवढेच त्यामागील तत्त्व. त्याला तिकडे ‘पायनॅपल कॅसरोल’ म्हणतात. आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवण्याचा डबा डोळ्यांपुढे येतो. तिकडे भट्टीत ठेवण्याच्या खोल भांड्याला आणि त्यात भाजलेल्या पदार्थालाही तेच नाव आहे.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १४९३ साली कोलंबसाच्या लोकांनी तो ग्वादलूप बेटावर पाहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि त्याचे नावही आपण त्यांच्याकडूनच घेतले. फिरंगी बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकते, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. अमेरिकेतील सामान्य घरांत मात्र ते पोचले डब्यात बसून. जेम्स डोल या गृहस्थाने १९०१ साली हवाई बेटांत अननसाची कंपनी काढली. पुढे साली सोलण्याची व गाभा काढण्याची यंत्रे आली आणि डबाबंद अननस स्वस्त झाला. हा पदार्थ वाढला तो त्या डब्याच्या जोरावर. ही गोष्ट श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवावी. माझी पुढची फजिती तिच्याशीच निगडित आहे.

पंधरा वर्षांपूर्वी, जॉर्जिया राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या मावसबहिणीने या पदार्थाची कृती मला पत्रातून कळवली. ‘अननसाचा एक डबा घ्यावा,’ असे तिने लिहिले होते. मी मनाशी म्हटले, बाजारात ताजा, सुवासिक अननस मिळत असताना डब्याची मिजास कशाला? ईस्टरच्या आदल्या रात्री मी ताज्या अननसाच्या फोडी, दूध, अंडी आणि पाव कालवून भांडे झाकून ठेवले. दुपारी माझ्या शाळेतील चार सहकारी जेवायला यायचे होते. सकाळी उठून भांडे भट्टीत घालायचे, असा बेत होता.

सकाळी झाकण काढते तो वर पाणी सुटलेले आणि खाली चोथा! जिभेला लावून पाहिले, तर कडू जहर. तेवढ्यात आमचे वृद्ध गवळी दारात आले. मी आतबाहेर काही न पाहता त्यांच्यावर बरसले. “काल शिळे दूध घातलेत, मामा! सणाच्या दिवशी माझे नुकसान केलेत.” शेजारच्या दोन बायका ऐकत उभ्या होत्या. मामा शांतपणे म्हणाले, “बाई, तेच दूध चार घरी घातलंय. कुणाचं नासलं नाही.” मी ऐकले नाही. त्या दिवसाचे पैसे कापले आणि महिनाअखेरीस त्यांचे दूधच बंद केले.

पुढे पावसाळ्यात बोलता बोलता शेजारच्या आजींना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अननस शिजवला होतास का ग?” मी नाही म्हणताच त्या हसल्या. “मग दुधाला कशाला दोष देतेस? कच्चा अननस दुधात पडला की दूध कडू होतं.”

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी एकाच पातेल्यातले दूध दोन वाट्यांत घेतले. एकीत अननसाच्या कच्च्या फोडी घातल्या, दुसरीत दहा मिनिटे उकळून निववलेल्या. दोन तासांनी चव पाहिली. पहिली वाटी कडू झाली होती. दुसरीत आंबटपणाने थोडे कण धरले होते, पण कडूपणाचा मागमूस नव्हता. कारण असे, की कच्च्या अननसात ‘ब्रोमेलेन’ नावाचा पाचक घटक असतो. तो दुधातील व अंड्यातील प्रथिनांचे तुकडे करतो आणि दुधाला कडवट चव येते ती त्या तुकड्यांची. कच्चा अननस फार खाल्ला की जीभ चुरचुरते, तीही अंशतः त्यामुळेच. कच्च्या पपईतही याच जातीचा घटक असतो. म्हणून निबर मांस मऊ करण्यासाठी आपण ती लावतो. उकळले की या घटकाची शक्ती नष्ट होते. डब्यातला अननस डबा भरतानाच तापवलेला असतो. म्हणून माझ्या बहिणीला तो शिजवण्याची सूचना लिहावीशी वाटली नाही.

आता कृती सांगते. सहा माणसांसाठी सोललेल्या, गाभा काढलेल्या अननसाच्या बारीक फोडी अर्धा किलो घ्याव्यात. त्यांत सव्वाशे ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घालून, उकळी फुटल्यावर दहा मिनिटे शिजवून पूर्ण निवू द्यावे. आदल्या दिवशीच्या पावाचे दीडशे ग्रॅम तुकडे करावेत. पाव शिळाच बरा. ताजा पाव रसात विरघळून लगदा होतो. तीन अंडी अर्धी वाटी दुधात फेटून त्यांत अननस रसासकट मिसळावा. लोणी लावलेल्या खोल भांड्यात निम्मा पाव पसरून वर हे मिश्रण ओतावे, उरलेला पाव वर रचावा आणि पाऊणशे ग्रॅम वितळलेले लोणी सगळीकडे शिंपडावे. १८० अंशांवर तापलेल्या भट्टीत चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे ठेवावे. वरचा पाव बदामी व कुरकुरीत झाला आणि मध्ये खुपसलेल्या सुरीला ओले मिश्रण चिकटले नाही, की झाले.

भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून पातेले दहा मिनिटे तापवावे आणि भांडे तिवईवर ठेवून घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तासभर भाजावे. वरचा भाग तितका खुसखुशीत होत नाही, पण चवीत उणेपण येत नाही. अंडे न खाणाऱ्यांसाठी तिकडचीच दुसरी रीत आहे. शिजवलेल्या अननसात दोन मोठे चमचे मैदा आणि वाटीभर किसलेले चीज मिसळतात, वर लोण्यात घोळलेला खारट बिस्किटांचा चुरा पसरतात आणि अर्धा तास भाजतात. ही रीत दिसायला विचित्र, पण खायला फार रुचकर आहे.

हा पदार्थ कोमट असताना, एका माणसाला दोन चमचे, डाव्या बाजूला वाढावा. भाजलेल्या कोंबडीबरोबर तो शोभतो आणि मसालेभातासोबतही मला आवडतो.

उरली गवळीमामांची गोष्ट. प्रयोग झाला त्याच संध्याकाळी मी कापलेले पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या दोन शेजारणींनाही मी बरोबर नेले होते. बोल लावला होता चारचौघांत, तेव्हा चूकही चारचौघांतच कबूल करायला हवी होती. मामांनी पैसे मोजले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “बाई, उद्यापासून दूध किती घालू तेवढं सांगा.”

मी अर्धा लिटर सांगितले. त्यानंतरच्या ईस्टरला हा पदार्थ त्याच दुधात केला आणि पहिली वाटी त्यांच्या घरी पोचवली.