आवडीला अवधी हवा
(शालेय क्रीडा पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. तेथील मुलाला तालमीची वाट दाखवावी लागत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्निल कुसाळे, मात्र निराळ्या वाटेने गेला. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. वर्षभर शरीर कमावल्यावर एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली.

५० मीटर रायफलच्या या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम साधावा लागतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या अंतिम फेरीत पहिल्या दोन स्थितींत मागे असलेल्या स्वप्निलने उभ्याने नेमबाजी करताना कांस्यपदक गाठले. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या सुपुत्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते तब्बल ७२ वर्षांनी!

पालकहो, मूल कोणत्या खेळात रमेल हे आपणांस आधी ठाऊक नसते, त्यालाही नसते. दहावीचे वर्ष आले की मैदान बंद, ही आपली रीत. त्यापूर्वी एखादे वर्ष तरी त्याला मनसोक्त खेळू द्या. निवड त्याला करू द्या आणि नंतर खंबीरपणे पाठीशी उभे राहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.