कृपा, श्रद्धा आणि सत्कर्म



नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे आपल्या भंडारा जिल्ह्यातून जाते. भंडारा रोड, तुमसर रोड, मग तिरोडा, गोंदिया आणि पुढे राजनांदगाव. १८९३ साली याच मार्गाने एक मराठी कवी पोटापाण्याच्या शोधात राजनांदगावला निघाले होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेले. त्या काळी गोरा माणूस आपल्याशी धड बोलेल याची खात्री नसे. या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने जागा दिली, काव्याच्या गप्पा काढल्या, आणि उतरताना बायबलच्या नव्या कराराची प्रत हातात ठेवून म्हणाले की, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे भाकीत चमत्कारिक वाटले, पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक गुंतले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनात. आता गंमत अशी की, ते प्रवचन जवळजवळ सगळे आचरणाविषयी आहे. शत्रूवरही प्रेम करा, दान असे करा की उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये. मग ख्रिस्ती माणूस तरतो तो कशाने? आचरणाने की श्रद्धेने? हा वाद पहिल्या शतकापासून चालत आला आहे.

पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिले की, तुमचे तारण कृपेने, श्रद्धेच्या द्वारे झाले. ते देवाचे दान आहे, तुमची कमाई नव्हे, म्हणून कोणी फुशारकी मारू नये. याकोबाचे पत्र वाचा तर ते सांगते की, कर्मावाचून श्रद्धा मेलेली आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला याकोबाचे पत्र इतके खटकले की त्याने त्याला गवती पत्र म्हटले. या प्रश्नावर युरोपात चर्च दुभंगले. पुढे १९९९ साली ल्यूथरपंथीय व रोमन कॅथलिक यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एका संयुक्त निवेदनावर सह्या करून या बाबतीत आपला मूळ गाभा एकच आहे असे मान्य केले. चारशेहून अधिक वर्षे लागली! असो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावे म्हणून मी मालगुजारी तलावाचे उदाहरण देतो. तलावात पाणी येते ते पावसाने. पाऊस कोणी मेहनत करून पाडत नाही. पण पाटाचे तोंड उघडले नाही तर ते पाणी बांधीत येणार कसे? आणि पाणी आले तर धान हिरवे होतेच. धान हिरवे झाले म्हणून पाऊस पडला, असे कोणी म्हणत नाही. पाऊस ही कृपा, तोंड उघडणे ही श्रद्धा, आणि धान हे सत्कर्म. पौल पावसाविषयी बोलतो, याकोब शेताच्या बांधावर उभा राहून विचारतो, 'पाणी आले म्हणता, मग धान कुठे आहे?' दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण उदाहरणापेक्षा माणसे बरी. पंडिता रमाबाईंचे चरित्र या प्रश्नाचा जिवंत दाखला आहे. १८८३ साली त्या इंग्लंडात असताना फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. त्यांना प्रश्न पडला, या बायका हे करतात ते कशामुळे? त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत येऊन १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. विधवांना शिकवणे, आधार देणे हे काम अव्वल दर्जाचे होते. तरीही पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इतके काम करणाऱ्या बाईने हे लिहावे! कामाच्या हिशेबाने मनाला शांती येत नाही, एवढे त्यांना कळले होते.

आता आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, 'हे सारे ठीक, पण ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष नव्हे काय?' प्रश्न झाकून ठेवण्यासारखा नाही. १८९३ साली, टिळक त्या गाडीत बसले त्याच वर्षी, शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात मोठा गहजब झाला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुढे १९५४ साली, आपला जिल्हा मध्य प्रदेशात असताना, त्या सरकारने मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तक्रारी काही सगळ्या हवेतल्या नव्हत्या.

माझे म्हणणे इतकेच की, या आक्षेपाचे सर्वांत खणखणीत उत्तर ख्रिस्ती शिकवणुकीतच आहे. कृपा जर फुकट मिळालेली असेल, तर तिच्यातून निघालेल्या सेवेला किंमत लावता येत नाही. ना स्वर्गाची, ना समोरच्याच्या धर्माची. फुकट मिळाले ते फुकट द्या, असे येशूनेच शिष्यांना बजावले आहे. पीठ देऊन बदल्यात श्रद्धा मागणारा मिशनरी हा आधी स्वतःच्याच श्रद्धेशी बेइमान होतो.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात फार कडक होता. रमाबाई स्वतः इकडे आल्या आणि उपाशी मुली व बायका शेकड्यांनी घेऊन गेल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. तिकडे नगरला प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई टिळकांनी रोग्यांची शुश्रूषा केली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ज्या बाईने पाच वर्षे त्याच्यापासून दूर काढली, सोवळे पाळले, तिनेच मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायला लागली. शाळेतल्या गुरुजींनी 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावे. सिद्धांताचा भार न घेता ही बाई सारे हसत सांगते.

आणि जो श्रद्धावान नाही पण सज्जन आहे, त्याचे काय? हा प्रश्न टिळकांना शेवटपर्यंत सतावत असावा, असे मला वाटते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. तो पूल त्यांनी कधी मोडला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही शिष्य एकत्र बसू शकत. पण काम रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.